प्रौढ दिव्यांगांचा निवासी सांभाळ: महाराष्ट्रात शासनाची मदत मिळवण्याचा मार्ग, टप्प्याटप्प्याने

स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी निवासी संस्था शोधायला आपल्याकडची कुटुंबे बहुधा उशिरा निघतात. आई आहे तोवर सारे निभावून जाते. ती अंथरुणाला खिळली किंवा गेली की भावंडांची धावपळ सुरू होते, आणि तेव्हा कळते की चाळिशीतल्या भावाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र शाळेच्या वयातले आहे, त्याच्या नावाने बँकेत खाते नाही, आधार कार्डावरचे बोटांचे ठसे जुळत नाहीत आणि कायदेशीर पालक म्हणून कोणाचेच नाव कुठल्याही दप्तरी नाही. संस्थेत जागा मिळणे हा या कामाचा शेवटचा भाग आहे. त्याआधी योग्य कायदा, योग्य कार्यालय आणि सही करण्याचा अधिकार या तीन गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि त्या घरात कर्ते माणूस असतानाच जुळवलेल्या बऱ्या.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रौढ दिव्यांगांसाठी शासन स्वतः फार थोड्या संस्था चालवते. बहुतेक संस्था नोंदणीकृत धर्मादाय न्यासांच्या किंवा सोसायट्यांच्या असतात आणि शासन त्यांना अनुदान देते. हे अनुदान राज्याकडून येते किंवा केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेसारख्या योजनांतून येते. राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्राच्या वैधानिक संस्थेच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या योजनाही संस्थांमार्फतच चालतात. ‘समर्थ’चा उद्देश तात्पुरत्या निवासाचा आणि ‘घरौंदा’चा आजीवन निवासाचा, पुढे या दोन्ही योजना एकत्र जोडल्या गेल्या. यांपैकी कोणताही पैसा थेट कुटुंबाच्या हाती पडत नाही. त्यामुळे कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला की क्रमाने नाव लागेल, अशी व्यवस्था कुठेही नाही. प्रवेशाचा अर्ज संस्थेकडे करायचा असतो. शासकीय कार्यालयाकडून प्रमाणपत्रे, पालकत्वाचा आदेश आणि बेवारस किंवा निराधार व्यक्तीच्या बाबतीत पाठवणीचे पत्र मिळवायचे असते.

पहिला टप्पा: कोणता कायदा लागू होतो ते ठरवणे

अक्षमतेचे कारण काय, यावर पुढचा सारा मार्ग अवलंबून आहे. घरात बोलताना आपण ‘डोक्याचा त्रास’ म्हणून सगळे एकाच शब्दात गुंडाळतो, कायदा मात्र तसे करत नाही. जन्मतः किंवा बालपणापासून बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा लागू होतो आणि पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती करते. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार असा मानसिक आजार असेल, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होतो. त्यात कायमचा पालक नसतो, ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ असतो, म्हणजे रुग्णाने स्वतः नेमलेली किंवा कायद्यातल्या क्रमाने ठरणारी व्यक्ती. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, अपघातानंतरची मेंदूची इजा किंवा कोमा या अवस्था राष्ट्रीय न्यास कायद्यात येत नाहीत. तिथे न्यायालयाकडे जावे लागते.

या वर्गवारीत सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला मनोरुग्णालयात ठेवण्याचा प्रयत्न. २०१७ च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे. त्या व्यक्तीला सोबत मानसिक आजारही असेल, तर तेवढ्यापुरता उपचार तिथे मिळेल. सांभाळ मिळणार नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये ही उपचाराची ठिकाणे आहेत, आयुष्यभर राहण्याची नव्हेत, आणि नातेवाइकांनी त्यांचा वापर तसा करू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

दुसरा टप्पा: कागदपत्रे

सगळ्यांत आधी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात ते, काढून घ्यावे. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज भरल्यावर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होते. बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन आणि दैनंदिन वर्तनाची चाचणी होत असल्यामुळे एका भेटीत काम उरकेलच, असे समजू नये. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला रांगेत नेणे शक्य नसेल, तर घरी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी व्हावी, असा लेखी विनंतीअर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बहुतेक शासकीय लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. जुने प्रमाणपत्र १९९५ च्या कायद्याखालचे असेल, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांप्रमाणे ते नव्याने करून घेणे बरे, कारण प्रकाराचे नाव जुळले नाही की पुढच्या प्रत्येक खिडकीवर अडवणूक होते.

आधारच्या बाबतीत बोटांचे ठसे किंवा बुबुळे नोंदवता येत नसतील, तर अपवाद म्हणून नोंदणी करण्याची तरतूद आहे. केंद्रचालक ‘होत नाही’ म्हणाला म्हणून परत येऊ नये. याखेरीज जन्माचा पुरावा, अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेत नाव, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, आजवरच्या उपचारांची फाईल आणि आईवडील हयात नसतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले एकत्र ठेवावेत. फिट्स येत असतील, तर शेवटचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि चालू औषधांची चिठ्ठी सर्वांत वर ठेवावी, कारण संस्थेचा डॉक्टर पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतो.

तिसरा टप्पा: कायदेशीर पालकत्व

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, मुलाची समज कितीही कमी असो. हे वाक्य ऐकून अनेक आईवडील दुखावतात, आणि ते समजण्यासारखे आहे. पण बँक, निवृत्तिवेतन कार्यालय, रुग्णालयातील शस्त्रक्रियेचे संमतिपत्र आणि निवासी संस्थेचा प्रवेश अर्ज या चारही ठिकाणी हाच नियम आडवा येतो. म्हणून अठराव्या वाढदिवसानंतर लगेच अर्ज करणे सर्वांत सोयीचे. पन्नाशीतही करता येतो, फक्त तेव्हा अर्ज करणारे आईवडील उरलेले नसतात.

राष्ट्रीय न्यास कायद्याखालील चार प्रकारांसाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. समितीत जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात. अर्ज ठरलेल्या नमुन्यात आईवडील संयुक्तपणे करतात. दोघांपैकी एक नसेल, तर दुसरा करतो. दोघेही नसतील, तर भाऊ, बहीण किंवा अन्य नातेवाईक करू शकतो, आणि तेही नसतील, तर नोंदणीकृत संस्था करू शकते. यासाठी वकील लागत नाही आणि न्यायालयीन मुद्रांक शुल्कही नसते. जिल्ह्यातील राष्ट्रीय न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत अर्ज गेला, तर त्रुटी आधीच निघून जातात, म्हणून कचेरीत जाण्याआधी त्या संस्थेच्या समाजकार्यकर्त्याची भेट घ्यावी. आईवडील दोघांचे संमतिपत्र, होणाऱ्या कायदेशीर पालकाचे संमतिपत्र, नात्याचा पुरावा आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडावे लागते. समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी, असे कायदा सांगतो. बैठक लांबली, तर त्या कलमाचा उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्यावे; तोंडी विचारपूस निष्फळ ठरते, आवक क्रमांक पडलेले पत्र हलते.

या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास कोणत्या कामांसाठी, हे समिती ठरवते. म्हणून अर्जात ‘सर्व कामांसाठी’ एवढेच मोघम लिहिण्याऐवजी निवासी संस्थेतील प्रवेश, वैद्यकीय संमती, बँक खाते, कुटुंब निवृत्तिवेतन, वारसाहक्काची मिळकत अशी कामे नावानिशी लिहावीत. पालक होणारी व्यक्ती भारतीय नागरिक हवी, दिवाळखोर किंवा गुन्ह्यात दोषी ठरलेली नको आणि आश्रिताच्या, म्हणजे जिचे पालकत्व घ्यायचे त्या व्यक्तीच्या, जवळपास राहणारी हवी. आश्रित स्त्री असेल, तर एकट्या पुरुषाला पालकत्व देत नाहीत; पुरुष नातेवाईक पुढे येत असेल, तर त्याच्या पत्नीसह सहपालकत्व देतात. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांना ही जवळपास राहण्याची अट अडते. अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवू शकतो, मात्र रात्री दोन वाजता ससून रुग्णालयात पोहोचायला पुण्यातली चुलतबहीणच लागते, आणि पालक म्हणून तिचेच नाव असणे व्यवहार्य ठरते.

पालकत्व मिळाल्यावर जबाबदारीही येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत आश्रिताच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, त्याच्या येण्यादेण्यासह, यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. फारच थोडे पालक हे करतात. जमीन किंवा सदनिका आश्रिताच्या नावावर असेल, तर ही टाळाटाळ पुढे भाऊबंदकीत महागात पडते, कारण पालकाने दुर्लक्ष किंवा अफरातफर केल्याची तक्रार आली की त्याला दूर करण्याचा अधिकार समितीला आहे आणि हिशेब नसलेला पालक आपली बाजू मांडू शकत नाही.

मुखत्यारपत्राविषयी इथेच सांगून टाकतो. अनेक घरांत वडिलांनी स्मृतिभ्रंश सुरू होण्याआधी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलेले असते आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त असतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. जन्मतः समज नसलेल्या व्यक्तीकडून घेतलेल्या मुखत्यारपत्राला तर पहिल्यापासूनच अर्थ नसतो, मग त्यावर अंगठा उमटलेला असो की नोटरीचा शिक्का.

स्मृतिभ्रंश, मेंदूची इजा आणि कोमा

या गटासाठी आपल्या कायद्यांत मोठी पोकळी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पालक आणि मिळकतीचा व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने जुना कायदा रद्द झाला आणि ती तरतूदही गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेला अधिकारी मर्यादित पालकत्व देऊ शकतो, तथापि ते विशिष्ट निर्णयांपुरते, विशिष्ट मुदतीपुरते आणि व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्याच्या अटीवर असते. कोमातील व्यक्तीशी विचारविनिमय कसा करणार? म्हणून अशी कुटुंबे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही कोमातील किंवा बोधक्षमता गमावलेल्या व्यक्तींच्या पत्नी, पती वा मुलांना पालक नेमल्याचे अनेक आदेश आहेत. याचिकेसोबत मालमत्तेची पूर्ण यादी आणि सर्व कायदेशीर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि महसूल अधिकाऱ्यांकडून घरची चौकशी मागवते. याचिकेचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. दिव्यांग व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत विधी साहाय्य मिळताना उत्पन्नाची अट आड येत नाही. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

निवासाच्या बाबतीत या गटाला वृद्धाश्रमाचा मार्ग सुचवला जातो आणि तिथे निराशा होते. राज्यात १९९५ च्या सुमारास मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. मात्र सर्वसाधारण वृद्धाश्रम चालत्याफिरत्या माणसांसाठी असतात, आणि वाट चुकणाऱ्या, कपडे ओले करणाऱ्या व्यक्तीला ते घेत नाहीत किंवा काही दिवसांत परत पाठवतात. केंद्राच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एकात्मिक कार्यक्रमात सतत शुश्रूषा लागणाऱ्यांची आणि अल्झायमर्स वा स्मृतिभ्रंश झालेल्यांची निवासस्थाने हा वेगळा प्रकार आहे, आणि अनुदान घेणारी संस्था त्याच प्रकारात मंजूर आहे का, हे आधी विचारावे. ‘एल्डरलाइन’च्या १४५६७ या क्रमांकावर जवळच्या अशा केंद्रांची माहिती मागता येते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालवते, आणि मानसिक उपचारांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. पालकत्वाचा केंद्रीय कायदा दोन्ही राज्यांत एकच असल्यामुळे वर सांगितलेली समितीची पद्धत तिथेही लागू होते.

चौथा टप्पा: संस्था शोधणे आणि डोळ्यांनी पाहणे

जिल्ह्यातील नोंदणीकृत आणि अनुदानित संस्थांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे, जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण अधिकाऱ्याकडे किंवा पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे मागावी. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाल्यापासून ही कार्यालये सामाजिक न्याय विभागापासून वेगळी झाली आहेत, त्यामुळे जुन्या पत्त्यावर पाठवलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहण्याची शक्यता असते. यादी मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली मंजूर संख्या, प्रत्यक्ष संख्या आणि शेवटच्या तपासणीची तारीख या तीन गोष्टी मागाव्यात. रिकाम्या जागा तिथेच दिसतात.

यादी वाचताना वयोमर्यादा नीट पाहावी. महाराष्ट्रात बौद्धिक अक्षमतेच्या बहुतेक निवासी शाळा १८ वर्षांपर्यंतच्या आहेत; त्यापुढच्या वयासाठी निवासी कार्यशाळा किंवा प्रौढांचे गृह असा वेगळा मंजुरीचा प्रकार असतो आणि अशा जागा फारच कमी आहेत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव देऊन वाढवणारे शंकरबाबा पापळकर यांनी, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, हाच प्रश्न वर्षानुवर्षे शासनापुढे मांडला आहे: अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढलेल्या मतिमंद मुलीने जायचे कुठे? तुमच्या घरचे मूल आत्ता बालगृहात किंवा निवासी शाळेत असेल, तर सतराव्या वर्षीच संस्थेला आणि बाल कल्याण समितीला पुढील व्यवस्थेबाबत लेखी विचारणा करावी.

एक खबरदारी: कर्जतची डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था किंवा तिच्यासारख्या नावाजलेल्या संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम करतात. घर असलेल्या व्यक्तीला आयुष्यभर ठेवून घेण्यासाठी त्यांच्याकडे जाणे म्हणजे त्या कामाचा अर्थच न समजणे होय.

संस्थेत फोन करून एकदा आणि न कळवता एकदा, शक्यतो संध्याकाळी, जावे. भिंतीवर २०१६ च्या कायद्याखालील नोंदणी प्रमाणपत्र मुदतीत आहे का ते पाहावे. मानसिक आजाराच्या व्यक्ती ठेवणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे स्वतंत्र नोंदणी लागते. मग कागद बाजूला ठेवून माणसे पाहावीत. रात्रपाळीला किती काळजीवाहक असतात आणि स्त्रियांच्या विभागात रात्री स्त्री कर्मचारी असते का, हा माझ्या मते पहिला प्रश्न. न्हाणीघर कोरडे आहे का, कमोडला आधाराचा दांडा आहे का, फिटची गोळी कोण देते आणि त्याची नोंदवही कुठे आहे, पाळीच्या दिवसांत मदत कोण करते, दुपारी रहिवासी काय करतात, दारांना बाहेरून कुलपे आहेत का, रविवारखेरीज भेटायला येता येईल का, हेही विचारावे. प्रमुखांच्या खोलीत चहा घेत तासभर बोलण्यापेक्षा जेवणाच्या वेळी पंगतीजवळ पाच मिनिटे उभे राहिल्याने अधिक कळते. रहिवाशांना कर्मचारी नावाने हाक मारतात की नाही, एवढ्यावरूनही अंदाज येतो.

पाचवा टप्पा: अर्ज आणि प्रवेश

जागा असलेली किंवा लवकरच रिकामी होणारी संस्था सापडली की अर्जासोबत पालकत्वाचा आदेश, यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि वैद्यकीय फाईल यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ प्रती देऊ नयेत. संस्था बहुधा छातीचा एक्स-रे, रक्ताच्या चाचण्या आणि समाजकार्यकर्त्याचा गृहभेट अहवाल मागते. जागा नसेल, तर प्रतीक्षायादीतील क्रमांक लेखी घ्यावा आणि अधूनमधून पत्राने विचारणा करावी. अनुदानित जागेसाठी ‘देणगी’ मागितली गेली, तर पावती आणि ती घेण्याचा आधार विचारावा आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर जिल्हा कार्यालयाला कळवावे. अनुदानित जागेच्या जोडीने काही संस्था शुल्काच्या जागाही ठेवतात, आणि ते गैर नाही, फक्त तुमचा प्रवेश कोणत्या जागेवर होतो आहे, हे प्रवेशपत्रावर लिहिलेले असावे.

प्रवेशाआधी थोड्या दिवसांचा तात्पुरता निवास करून पाहणे मी जवळजवळ अनिवार्य मानतो. चाळीस वर्षे आईच्या हातून जेवलेल्या माणसाला एका सकाळी गाडीत बसवून अनोळखी हॉलमध्ये सोडून येणे क्रूरपणाचे आहे, आणि त्यातून येणारी चिडचिड किंवा अन्नत्याग पाहून संस्था त्याला ‘सांभाळण्यास कठीण’ ठरवते. सोबत नेहमीची उशी, ताट आणि एक पानभर माहिती द्यावी: तो काय खातो, कशाला घाबरतो, तहान लागली की कोणती खूण करतो. व्यक्तीला जेवढे कळते, तेवढे तिला आधी सांगावे, जागा दाखवावी आणि तिचे मत विचारावे. २०१६ चा कायदा दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देतो आणि कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, असे सांगतो. म्हणून घरी मदतनीस ठेवून किंवा दिवसा कार्यशाळेत पाठवून भागत असेल, तर निवासी संस्थेची घाई करू नये.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा मार्ग

इथे दाखल करण्याची पद्धत मुदतीने बांधलेली आहे. व्यक्ती स्वतः संमती देत असेल, तर ती स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होते. आजाराच्या तीव्रतेमुळे तिला निर्णय घेता येत नसेल आणि स्वतःला किंवा इतरांना धोका असेल किंवा ती स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यापुढे ठेवायचे झाल्यास कलम ९० खाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी लागते आणि मुदत पहिल्यांदा ९०, नंतर १२० आणि त्यापुढे १८० दिवसांची असते. रुग्णाने आधी कोणाला नेमले नसेल, तर नातेवाईक, मग काळजीवाहक आणि शेवटी मंडळाने नेमलेली व्यक्ती असा प्रतिनिधीचा क्रम आहे.

रस्त्यावर बेवारस मनोरुग्ण आढळला, तर कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यायचे असते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. उपचारानंतर बरी झालेली, पण घर नसलेली व्यक्ती रुग्णालयातच अडकून पडू नये म्हणून गौरव कुमार बन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ पासून राज्यांना पुनर्वसन गृहे आणि ‘हाफवे होम’, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधले निवास, उभारण्यास सांगितले आहे. तुमचा नातेवाईक डिस्चार्जला योग्य झाला असेल आणि घरी नेणे खरोखर अशक्य असेल, तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना अशा गृहासाठी लेखी विनंती करावी. तिथे पत्ता खोटा देऊन निघून जाण्याचे प्रकार घडतात, आणि त्याची किंमत रुग्ण पुढची कित्येक वर्षे भोगतो. तातडीचा सल्ला हवा असेल, तर ‘टेली मानस’चा क्रमांक १४४१६ आहे.

पैशांची व्यवस्था

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. दिव्यांगांसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. अनुदानित संस्थेत प्रवेश झाल्यावर ते चालूच राहील, असे गृहीत धरू नये आणि निवासातील बदल तहसीलला कळवावा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांच्या निधीतील ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी असतो. त्यातून डायपर, चाकाची खुर्ची किंवा औषधांसाठी मदत मागता येते. राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांतील व्यक्तींना ‘निरामय’ योजनेत नाममात्र शुल्कात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही येतात आणि आधी वैद्यकीय तपासणी मागितली जात नाही. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, आणि संस्थेत गेल्यावर ते कोणी करायचे, हे ठरवून घेतले नाही तर ते राहून जाते.

आई किंवा वडील शासकीय नोकरीत असतील, तर सर्वांत मोठा आधार कुटुंब निवृत्तिवेतनाचा आहे. उपजीविका कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अशा अपत्याचे नाव हयातीतच निवृत्तिवेतन आदेशात नोंदवून घेता येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनीही निवृत्तीच्या वेळी कुटुंबाच्या तपशिलात अपत्याचे नाव आणि दिव्यांगत्व न विसरता लिहावे. नंतर भावाबहिणींना कोषागाराच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. घर किंवा शेती मागे ठेवायची असेल, तर ती थेट त्या मुलाच्या नावे न करता भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली खासगी न्यास करून त्याच्या उत्पन्नातून संस्थेचे शुल्क आणि औषधे भागवण्याची सोय ठेवावी. यासाठी मात्र वकिलाचे शुल्क देणे योग्य, नमुन्यावरून उतरवलेला दस्त नको.

प्रवेशानंतर

पहिल्या वर्षी दर महिन्याला कोणीतरी प्रत्यक्ष भेटावे. वजन, दात, पायांची नखे, पाठीवरचे आणि टाचांवरचे व्रण पाहावेत; बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत शरीरच सांगते. औषधांची नोंदवही वाचावी, आणि झोपेची किंवा शांत ठेवणारी औषधे वाढली असतील, तर कोणत्या डॉक्टरने आणि का वाढवली, हे विचारावे. मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे, तक्रार करता येते आणि ते सुटकेचा व संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. सेवेतील उणिवांसाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावे.

पालक वारला, परगावी गेला किंवा थकला, तर पालकत्व आपोआप कोणाकडे जात नाही. स्थानिक स्तर समितीकडे नव्या पालकासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि तोवर संस्थेला शस्त्रक्रियेसाठीही सही मिळत नाही. म्हणून पालकाने आपल्यानंतर कोण, हे आज ठरवून त्या व्यक्तीचे संमतिपत्र, पालकत्वाच्या आदेशाची प्रत, निरामय कार्ड आणि बँकेचे तपशील एका लिफाफ्यात घालून एक संच संस्थेत आणि एक त्या व्यक्तीकडे ठेवावा.